कॅमकॉर्डरची बॅटरी लवकर संपते? गेलेली क्षमता किती परत मिळते आणि कशी

पूर्वी तासभर चालणारी बॅटरी आता वीस मिनिटांत मान टाकते आणि चार्जरवर मात्र ‘पूर्ण भरली’ असा दिवा लागलेला असतो. अशा वेळी दोन टोकांचे सल्ले मिळतात. कुणी म्हणतं, बॅटरी गेली, टाकून द्या. कुणी म्हणतं, एकदा पार रिकामी करून पुन्हा भरा, नव्यासारखी होईल. दोन्ही सल्ले अधूनमधून खरे ठरतात, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकून आहेत. तुमच्या हातातल्या बॅटरीला त्यातला कोणता लागू आहे, हे शोधणं हेच निम्मं काम आहे.

क्षमता दोन तऱ्हांनी कमी होते. सेलमधलं (पॅकच्या आत जोडलेल्या प्रत्येक सुट्या बॅटरीतलं) काम करणारं द्रव्यच खर्ची पडलं, आतला ओलावा सुकला किंवा प्लेटी खराब झाल्या, तर ती क्षमता कायमची गेली. पण कधी कधी द्रव्य शाबूत असतं आणि तरी वापरात येत नाही. स्फटिक वाढून बसलेले असतात, पॅकमधले सेल एकमेकांच्या मागेपुढे झालेले असतात, शिल्लक मोजणारं सर्किट चुकत असतं किंवा नुसता टोकांवर मळ साचलेला असतो. ही क्षमता हरवलेली नसते, अडकलेली असते. घरी बसून जे काही करता येतं ते या अडकलेल्या क्षमतेपुरतंच. शिवाय एका प्रकारच्या बॅटरीला जे औषध, तेच दुसऱ्या प्रकाराला विष ठरतं. त्यामुळे सुरुवात लेबलापासून करायची.

बॅटरी कोणत्या प्रकारची आहे

कॅमकॉर्डरच्या इतिहासात चार प्रकार येऊन गेले: निकेल-कॅडमियम, निकेल-मेटल हायड्राइड, सीलबंद लेड-ॲसिड आणि लिथियम-आयन. लेबलावर बहुतेक वेळा नाव छापलेलं असतं. ते पुसलं गेलं असेल तर व्होल्टेजवरून अंदाज बांधता येतो.

निकेलच्या सेलचा नाममात्र दाब, म्हणजे व्होल्टेज, १.२ व्होल्ट, त्यामुळे पॅक ४.८, ६ किंवा ९.६ व्होल्टचा असतो. १९८० च्या दशकातल्या आणि १९९० च्या सुरुवातीच्या छोट्या कॅसेटवाल्या कॅमकॉर्डरांत ६ व्होल्टचा, म्हणजे पाच सेलांचा निकेल-कॅडमियम पॅक अगदी नेहमीचा. पूर्ण आकाराची व्हीएचएस कॅसेट घेणाऱ्या, खांद्यावर ठेवायच्या कॅमेऱ्यांपैकी अनेकांना १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी लागायची. हातात घेतली की वजनावरूनच ती ओळखू येते. लिथियम-आयन सेल सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणला आणि कॅमकॉर्डर हे त्याच्या अगदी पहिल्या उपयोगांपैकी एक होतं. लिथियम पॅकवर ३.६, ३.७, ७.२ किंवा ७.४ व्होल्ट लिहिलेलं असतं.

७.२ हा आकडा मात्र फसवा आहे. निकेलचे सहा सेल घेतले तरी ७.२ आणि लिथियमचे दोन घेतले तरी ७.२. प्रकाराबद्दल खात्री होत नसेल तर चार्जरचं लेबल वाचा. तरीही शंका उरली तर त्या पॅकवर पुढचे कोणतेही प्रयोग करू नका.

आळ बॅटरीवर घेण्याआधी

टोकं स्वच्छ करा. पॅकची, चार्जरची आणि कॅमेऱ्याची, तिन्हींची. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापडाची चिंधी किंवा कापसाची काडी पुरते. काळपट थर बसला असेल तर पेन्सिलचं खोडरबर हलकेच फिरवा. पॉलिश पेपर नको, त्याने वरचा मुलामा निघून जातो आणि मग टोक आणखी लवकर खराब होतं. निकेलच्या जुन्या पॅकवर पांढरी भुकटी दिसली तर ती सेलमधून झिरपलेल्या अल्कलीची आहे. हातमोजे घाला, व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या काडीने पुसा, मग अल्कोहोलने पुसून कोरडं करा. आत काही झिरपू देऊ नका. असा पॅक मात्र फुटायला लागलेला आहे हे लक्षात ठेवा. टोकं चकचकीत झाली तरी आतला पाझर थांबत नाही.

नंतर कॅमेऱ्याकडे वळा. त्याच मॉडेलची दुसरी, चांगली चालणारी बॅटरी मिळत असेल तर ती लावून बघा. तीही लवकर संपली तर दोष कॅमेऱ्यात आहे. टेप ओढणारी यंत्रणा जड झाली की मोटर जास्त करंट खाते. उघडा स्क्रीन, सतत झूम आणि वारंवार चालू-बंद यांनीसुद्धा माहितीपुस्तिकेत दिलेला वेळ बराच खाली येतो. तो वेळ सलग रेकॉर्डिंगचा असतो, प्रत्यक्ष वापरात त्याच्या निम्माच हाती लागला तर ते बिघाडाचं लक्षण नाही.

थंडीचाही हिशेब धरा. गारठलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, भार पडताच दाब खाली येतो आणि कॅमेरा बंद पडतो. तीच बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवून गरम केली की पुन्हा चालते.

मोजल्याशिवाय काही करू नका

‘आता बरी चालतेय’ हे मत असतं, माप नव्हे. आधी आणि नंतर एकाच पद्धतीने मोजलं तरच उपायाचा गुण कळतो. सोपी पद्धत अशी: बॅटरी पूर्ण चार्ज करा, कॅमेरा एका जागी ठेवून सतत चालू ठेवा आणि बंद पडेपर्यंतची मिनिटं लिहून ठेवा. स्क्रीन उघडा की बंद, कॅसेट आत की बाहेर, हे दर वेळी सारखं असू द्या. काही कॅमेरे स्टँडबायमध्ये थोड्या मिनिटांनी आपोआप बंद होतात, त्यावर लक्ष असू द्या.

याहून चांगलं माप एक मल्टीमीटर आणि एका रेझिस्टरने घेता येतं. ६ व्होल्टच्या, १५०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, क्षमतेचं एकक) निकेल पॅकसाठी २२ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर घ्या. त्यातून साधारण पाव अँपिअरच्या थोडा वर करंट वाहतो. रेझिस्टर चांगलाच तापतो, म्हणून तो फरशीच्या तुकड्यावर किंवा सिरॅमिक टाइलवर ठेवा, हात लावू नका. दर पंधरा मिनिटांनी पॅकचा व्होल्टेज लिहा. पॅक ५ व्होल्टवर, म्हणजे सेलमागे १ व्होल्टवर आला की लगेच तोडा. लिहिलेल्या व्होल्टेजची सरासरी काढा, तिला २२ ने भागा, तासांनी गुणा. समजा सरासरी ५.९ व्होल्ट आली आणि पॅक साडेतीन तास टिकला. ५.९ भागिले २२ म्हणजे ०.२६८ अँपिअर, गुणिले ३.५ म्हणजे सुमारे ९४० एमएएच. लेबलवरच्या १५०० च्या तुलनेत ही ६३ टक्के क्षमता झाली.

या नोंदींचा आलेख काढलात तर आणखी एक गोष्ट कळते आणि माझ्या मते ती आकड्याहून जास्त बोलकी आहे. निरोगी पॅकची रेघ बराच वेळ जवळजवळ सपाट राहते आणि शेवटी एकदम कोसळते. रेघ सपाट आहे पण नेहमीपेक्षा थोडी खालून चालली आहे, असं दिसलं तर क्षमता अडकलेली आहे, उपायाला वाव आहे. रेघ मध्येच सुमारे सव्वा व्होल्टची पायरी उतरते आणि मग पुन्हा सपाट होते, असं असेल तर एक सेल बाकीच्यांच्या आधी रिकामा होतोय. ती पायरी दिसताक्षणी थांबा. पुढे जाणं त्या सेलला उलटं चार्ज करणं आहे.

निकेल-कॅडमियम: इथे खरोखर काही करता येतं

‘मेमरी’ हा शब्द याच प्रकारामुळे घरोघरी पोचला. मुळातला मेमरी परिणाम उपग्रहांमधल्या बॅटऱ्यांत दिसला होता: प्रत्येक फेरीत नेमक्या तेवढ्याच प्रमाणात रिकाम्या आणि पुन्हा भरल्या जाणाऱ्या. घरगुती वापरात इतकी काटेकोर पुनरावृत्ती कुणाकडून होत नाही. कॅमकॉर्डरच्या पॅकमध्ये जे घडतं ते बहुतेक वेळा जास्त चार्जिंगमुळे. पॅक आठवडेच्या आठवडे चार्जरवर राहतो किंवा दहा मिनिटं वापरून पुन्हा पुन्हा लावला जातो. प्लेटीवरचे बारीक कण हळूहळू मोठ्या स्फटिकांत बदलतात, काम करणारा पृष्ठभाग घटतो आणि सेलचा दाब थोडा खाली बसतो.

दाब सेलमागे एक दशांश व्होल्टने जरी उतरला तरी पाच सेलांच्या पॅकमध्ये अर्धा व्होल्ट होतो. कॅमेरा दाब एका ठरावीक मर्यादेखाली गेला की स्वतःला बंद करतो. बॅटरीत वीज शिल्लक, कॅमेरा मात्र ‘संपली’ म्हणतो. तुम्ही ती पुन्हा चार्जरवर लावता, खालचा भाग तसाच न वापरलेला राहतो आणि खोड आणखी पक्की होते.

पहिली पायरी, तपासणी. पॅक पूर्ण चार्ज करा, दोन तास नुसता ठेवा आणि दाब मोजा. पाच सेलांचा पॅक साडेसहा व्होल्टच्या वर असायला हवा. तो ५.२ ते ५.५ च्या घरात दिसला तर एक सेल आतून शॉर्ट झालाय. अशा पॅकवर रिकामं करून भरण्याची कितीही चक्रं घातली तरी कॅमेऱ्याला लागणारा दाब मिळणार नाही. थेट सेल बदलण्याच्या भागाकडे जा.

दुसरी पायरी, रिकामं करणं. वर मोजणीसाठी वापरला तोच २२ ओहमचा रेझिस्टर, तीच ५ व्होल्टची मर्यादा. तुमच्या चार्जरवर ‘रिफ्रेश’ किंवा ‘डिस्चार्ज’ असं बटण असेल तर ते हेच काम करतं आणि योग्य जागी आपोआप थांबतंही; असेल तर तेच वापरा. टॉर्चचा ६ व्होल्टचा बल्बही चालतो, पण मीटर जोडलेला ठेवून आणि समोर बसून. बल्ब लावून रात्री झोपायला जाणं हा पॅक मारण्याचा हमखास मार्ग आहे. पॅकमधले सगळे सेल एकाच वेळी संपत नाहीत. सर्वात दुबळा आधी शून्यावर येतो आणि बाकीचे चौघे त्याच्यातून करंट ढकलत राहतात. त्याची ध्रुवता उलटते, आत वायू तयार होतो, झडप उघडते आणि ओलावा निघून जातो. तो परत घालता येत नाही. पॅकची दोन टोकं तारेने जोडून ‘पूर्ण रिकामी’ करण्याचा सल्लाही याच कारणासाठी घातक, शिवाय तार लाल होते ती वेगळीच.

तिसरी पायरी, सावकाश चार्जिंग. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथे होतो आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात. कॅमकॉर्डरचे चार्जर बहुतेक जलद असतात. ते पहिला सेल भरल्याची चाहूल लागताच थांबतात आणि मागे राहिलेले सेल मागेच राहतात. क्षमतेच्या एक दशांश करंटने १४ ते १६ तास चार्ज केलं, तर भरलेले सेल जादा वीज थोड्याशा उष्णतेत घालवतात आणि मागचे तेवढ्यात बरोबरीला येतात. १५०० एमएएचच्या पॅकला हा करंट १५० मिलिअँपिअर.

असा चार्जर नसेल आणि हातात सोल्डरिंग गन धरण्याची सवय असेल, तर एलएम३१७ या रेग्युलेटरने तो जमवता येतो. १२ व्होल्टचा स्थिर पुरवठा रेग्युलेटरच्या इनपुट पायाला द्या. आउटपुट पाय आणि ॲडजस्ट पाय यांच्यामध्ये एक रेझिस्टर जोडा आणि ॲडजस्ट पायापासून एका साध्या डायोडमधून पॅकच्या धन टोकाकडे जा. पॅकचं ऋण टोक पुरवठ्याच्या ऋण टोकाला. करंट म्हणजे १.२५ भागिले रेझिस्टरचे ओहम, ८.२ ओहम घेतल्यास सुमारे १५० मिलिअँपिअर मिळतो. डायोडमुळे पुरवठा बंद झाला तरी पॅक उलट्या वाटेने रिकामा होत नाही. रेग्युलेटरला छोटासा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी, लावा. या सर्किटला पॅक भरल्याचं कळत नाही, घड्याळ तुम्हीच बघायचं. पॅक कोमट होणं ठीक, हाताला गरम लागला तर तोडा. पॅकवर धन-ऋण सोडून तिसरं टोक असेल तर ते बहुधा तापमान सांगणाऱ्या थर्मिस्टरचं असतं. त्याला चार्जिंगची तार लावू नका. आणि हे सर्किट फक्त निकेलसाठी आहे. लिथियम पॅक याला चुकूनही जोडू नये.

रिकामं करणं आणि सावकाश भरणं मिळून एक चक्र झालं. अशी तीन ते पाच चक्रं करा, प्रत्येक वेळी एमएएच काढून लिहा. दुसऱ्या-तिसऱ्या चक्रात आकडा वर चढताना दिसायला हवा. लागोपाठ दोन चक्रांत तो तिथेच अडकला तर तुमच्या पॅकची ती खरी क्षमता समजा. आणखी चक्रं घालणं म्हणजे उरलेलं आयुष्य खर्चणं.

चौथी पायरी हट्टी पॅकसाठी. नेहमीच्या चक्रांनी मोठे स्फटिक मोडले नाहीत तर ५ व्होल्टच्याही खाली, पण अतिशय कमी करंटने जावं लागतं. २२ ओहम काढून २२० ओहम लावा. आता करंट वीसेक मिलिअँपिअरच राहतो, त्यामुळे एखादा सेल आधी संपला तरी त्याला बसणारा धक्का सौम्य असतो. पॅक ३ व्होल्टवर, म्हणजे सेलमागे ०.६ वर आला की थांबा आणि लगेच सावकाश चार्जिंग सुरू करा. हे दोनदा करून पाहावं, त्याहून जास्त नको.

शेवटी गळतीची चाचणी घ्या, कारण क्षमता परत आली तरी ती टिकते का हा वेगळा प्रश्न आहे. पूर्ण भरलेला पॅक २४ तास ठेवून मग मोजा. चांगला निकेल-कॅडमियम पॅक पहिल्या दिवशी दहाएक टक्के गमावतो. एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त गेलं असेल तर प्लेटींमधला पडदा सच्छिद्र झालाय, चक्रांनी तो भरत नाही. मोठ्या कपॅसिटरचा झटका देऊन शॉर्ट सेल ‘जिवंत’ करण्याची जुनी युक्ती याच पडद्याशी खेळते. झटक्याने आतला धातूचा तंतू जळतो आणि सेल दाब दाखवू लागतो, पण छिद्र तिथेच असतं. तंतू पुन्हा वाढतो. मी ती युक्ती सुचवणार नाही.

निकेल-मेटल हायड्राइड आणि लेड-ॲसिड, थोडक्यात

मेटल हायड्राइडला मेमरीचा त्रास बराच कमी असतो. सेलमागे १ व्होल्टपर्यंत रिकामं करून सावकाश भरण्याची दोन-तीन चक्रं पुरतात, विशेषतः पॅक महिनोन्‌महिने पडून राहिला असेल तर. त्याखाली जाण्याचा प्रयोग इथे करू नका. उलट ध्रुवता आणि उष्णता, दोन्ही हा प्रकार कॅडमियमपेक्षा वाईट सोसतो. सावकाश चार्जिंगही १६ तासांपुढे लांबवू नका.

लेड-ॲसिडचं सगळं उलटं. ती रिकामी ठेवली की प्लेटींवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि क्षमता जाते. कॅडमियमच्या सवयीने ती ‘पूर्ण रिकामी’ करणाऱ्यांनी अशा कितीतरी बॅटऱ्या मारल्या आहेत. १२ व्होल्टची बॅटरी भाराखाली १०.५ व्होल्टच्या खाली नेऊ नये आणि वापर झाला की त्याच दिवशी चार्जरवर लावावी. पडून राहिलेली बॅटरी परत आणायची तर करंटची मर्यादा क्षमतेच्या एक दशांशावर आणि दाबाची १४.४ ते १४.७ व्होल्टवर बांधलेला पुरवठा लागतो. सुरुवातीला ती जवळजवळ काहीच करंट घेत नाही. काही तासांनी घेऊ लागली तर आशा आहे. रात्रभर तशीच राहिली किंवा बाजू फुगल्या, तर संपलं.

लिथियम-आयन: इथे ‘दुरुस्ती’ म्हणजे बहुधा मोजमापाची दुरुस्ती

लिथियममध्ये मेमरीची भानगड नाही. त्यामुळे ‘दर वेळी पूर्ण संपवून चार्ज करा’ हा कॅडमियमच्या काळातला नियम इथे तोट्याचा आहे. लिथियम सेलची क्षमता जाते ती आतल्या ग्रॅफाइटवर वाढणाऱ्या थरामुळे. हा थर फिरतं लिथियम स्वतःत अडकवून ठेवतो आणि सेलचा रोध वाढवतो. वय, उष्णता आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत पडून राहणं या तिघांनी तो वाढतो. तो मागे नेण्याचा घरगुती उपाय नाही. फ्रीजरमध्ये ठेवणं, आपटणं, जास्त दाबाने चार्ज करणं, यांतलं काहीही त्याला हात लावत नाही. फ्रीजरने तर बाहेर काढल्यावर दवाचं पाणी तेवढं धरतं.

मग करण्यासारखं काय आहे? तीन गोष्टी.

पहिली, शिल्लक दाखवणाऱ्या सर्किटचं माप जुळवणं. बऱ्याच लिथियम पॅकमध्ये एक चिप असते आणि ती कॅमेऱ्याला ‘इतकी मिनिटं उरली’ असं सांगते. ही चिप आत-बाहेर गेलेल्या विजेचा जमाखर्च ठेवते आणि अर्धवट वापर, अर्धवट चार्ज होत राहिला की तिच्या हिशेबात चूक साचत जाते. कॅमेरा पन्नास मिनिटं दाखवतो आणि अचानक बंद पडतो किंवा शून्य दाखवूनही चालत राहतो, ही त्याची खूण. उपाय सोपा आहे. मूळ चार्जरवर पूर्ण भरा, दिवा लागल्यावरही तासभर राहू द्या. कॅमेऱ्यातच वापरून तो स्वतः बंद पडेपर्यंत संपवा. एखादा तास थंड होऊ द्या आणि मग मध्ये खंड न पाडता पुन्हा पूर्ण भरा. हे एकदा, फार तर दोनदा. याने क्षमता एक एमएएचनेही वाढत नाही, पण मिनिटांचा आकडा खरा होतो. तो कमी भरला तर वाईट वाटून घेऊ नका.

दुसरी, झोपी गेलेला पॅक. कॅमेरा कपाटात वर्षभर राहिला, बॅटरी आतच होती आणि आता चार्जर तिला ओळखतच नाही. पॅकमधलं संरक्षक सर्किट दाब फार खाली गेला की बाहेरची वाट तोडतं. मग टोकांवर मीटर शून्य किंवा त्याच्या जवळपास दाखवतो, आतले सेल कदाचित ठीकही असतात. टोकं साफ करा, मूळ चार्जरवर लावून अर्धा-एक तास राहू द्या, काढून पुन्हा एकदा लावा. चांगले चार्जर आधी अगदी थोडा करंट देऊन सर्किट जागं करतात आणि दाब सुरक्षित पातळीवर आला तरच पूर्ण चार्जिंग सुरू करतात. चार्जर लुकलुकून नकार देत राहिला तर तो निकाल माना. नऊ व्होल्टची बॅटरी टोकांना टेकवून जबरदस्तीने जागं करण्याचे व्हिडिओ खूप आहेत. तो सल्ला पाळू नका. सेल दीर्घ काळ २ व्होल्टच्या खाली राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळतं आणि चार्ज करताना नको तिथे जाऊन बसतं. आतून शॉर्ट होण्याची ती तयारी असते आणि लिथियममध्ये आतल्या शॉर्टचा शेवट आगीत होऊ शकतो.

तिसरी गोष्ट, रोध तपासणं. दोन सेलांचा पॅक पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्टच्या जवळपास असतो. कॅमेरा चालू असताना टोकांपर्यंत मीटर पोचत असेल तर बघा. पोचत नसेल तर २२ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर मिनिटभर लावून बघा. एवढ्या भाराला चांगला पॅक किंचितच खाली बसतो. दाब झटकन अर्ध्या व्होल्टहून जास्त पडला आणि भार काढताच परत वर आला, तर क्षमता उरलेली असेल पण ती बाहेर काढण्याची ताकद गेली आहे. असा पॅक कॅमेऱ्याच्या कामाचा राहिला नाही.

फुगलेला, कवच उसवलेला, पडून चेपलेला किंवा चार्ज होताना तापणारा पॅक कोणत्याही पायरीवर दिसला की तिथेच थांबायचं. टोकांवर चिकटपट्टी लावा, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि बॅटरी-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. कॅडमियमचे पॅकही तिथेच. कॅडमियम विषारी आहे, तो घरच्या कचऱ्यात जाऊ नये. लिथियम पॅक शून्य अंशाखालच्या थंडीत चार्जही करू नका, सेलमध्ये धातुरूप लिथियम जमतं आणि ते परत फिरत नाही.

सेल बदलणं

निकेलच्या पॅकचे सेल बदलणं नवशिक्याच्या आवाक्यात आहे, जर त्याला सोल्डरिंग येत असेल तर. कवचाच्या सांध्यावर बोथट पातं फिरवत, थोडं थोडं उकलत जा. घाईत पातं आतल्या सेलात घुसतं. उघडल्यावर आधी फोटो काढा. जोडण्या कशा आहेत, थर्मल फ्यूज (फार तापल्यास वाट तोडणारा) आणि थर्मिस्टर कोणत्या सेलला टेकले आहेत, सगळं दिसलं पाहिजे. नवे सेल टॅब, म्हणजे सोल्डरिंगसाठीच्या धातूच्या पट्ट्या, लावलेलेच घ्या. सेलच्या अंगावर थेट सोल्डर केल्यास उष्णतेने आतला पडदा आणि झडपेचं सील बिघडतं. पाचही सेल एकाच प्रकारचे, एकाच क्षमतेचे आणि एकाच वेळचे हवेत. एकच मेलेला सेल बदलून चार जुने ठेवण्याचा मोह होतो, पण तो पॅक पुन्हा असमतोल होणार हे ठरलेलं. कॅडमियमच्या जागी मेटल हायड्राइड घालायचे असतील तर जुना जलद चार्जर त्यांना भरल्याची खूण नीट ओळखेल याची खात्री नसते, म्हणून ते सावकाशच चार्ज करावेत. फ्यूज आणि थर्मिस्टर होते तिथेच परत बसवा.

लिथियमचा पॅक मात्र उघडू नका. सेल तोडताच काही सर्किटं कायमची बंद होतात आणि स्पॉट वेल्डर, जुळवलेले सेल, दाबाची तपासणी या सगळ्याशिवाय तो खेळ धोक्याचा आहे. नवा पॅक घेताना दावा तपासून घ्या. सोनीच्या एनपी-एफ मालिकेतल्या सर्वात छोट्या पॅकमध्ये १८६५० आकाराचे दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात. एकामागे एक जोडल्याने व्होल्ट वाढतात, एमएएच नाही. चांगला १८६५० सेल साधारण ३५०० एमएएच देतो. तेव्हा दोन सेलांच्या त्या पॅकवर ५००० छापलं असेल तर छापणाऱ्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

जुन्या कॅमेऱ्याला पॅकच मिळत नसेल आणि तुम्हाला फक्त जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायच्या असतील, तर बॅटरीच्या मागे लागूच नका. मूळ अडॅप्टर किंवा बॅटरीच्या जागी बसणारा पोकळ ठोकळा आणि त्याला योग्य दाबाचा पुरवठा, एवढ्यावर कॅमेरा कितीही तास चालतो. मात्र दाब आणि ध्रुवता कॅमेऱ्याच्या लेबलाशी ताडून बघा. अडॅप्टरची पिन बसली याचा अर्थ तो जुळला असा होत नाही.

परत मिळालेली क्षमता टिकवायची तर

कॅडमियमचा पॅक चार्जरवर कायम ठेवू नका. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा सेलमागे १ व्होल्टपर्यंत उतरवून सावकाश भरा, एरवी अर्धवट वापराची चिंता सोडा. ठेवून द्यायचा तर रिकामा ठेवला तरी तो सोसतो. मेटल हायड्राइड भरून ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा भरा. लेड-ॲसिड नेहमी भरलेली.

लिथियम ४० ते ५० टक्क्यांवर, थंड आणि कोरड्या जागी, कॅमेऱ्यातून बाहेर काढून ठेवा. २५ अंशांत वर्षभर ठेवलेला पूर्ण भरलेला सेल साधारण पंचमांश क्षमता गमावतो, ४० टक्क्यांवर ठेवलेला त्याच्या बऱ्याच कमी. उन्हात उभ्या गाडीतली कॅमेऱ्याची पिशवी या हिशेबात सर्वात महाग पडते. दर सहा महिन्यांनी एकदा दाब बघा; दोन सेलांचा पॅक ७.२ व्होल्टच्या खाली दिसला तर अर्धा तास चार्जरवर लावून परत ठेवा, आणि तारीख पॅकवर कागदाच्या चिकटपट्टीने लिहून ठेवा.